शेवटच्या साक्षीदाराचं नाव

१

मी मेलेल्या माणसांची ओळख पटवते. एवढं ऐकूनच लोक दचकतात, म्हणून लगेच पुढचं सांगते. ही माणसं सात-आठशे वर्षांपूर्वी मेलेली आहेत आणि सगळी चर्चमधली आहेत.

काम घरबसल्याचं. आखातातल्या जुबैलच्या आमच्या फ्लॅटमधून मेल्विन, माझा नवरा, पहाटे पाचला कंपनीच्या बसने प्लांटवर जातो. साडेसहाला अनुष्का शाळेच्या बसमध्ये बसते. ती नऊ वर्षांची आहे. मग मी भांडी आवरते, पडदे ओढून घेते, कारण आठनंतर खिडकीतून ऊन नव्हे, जाळच येतो, आणि जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडते.

एका परदेशी विद्यापीठाचा प्रकल्प आहे. इंग्लंडमधल्या एका जुन्या धर्मप्रांताची लॅटिन दानपत्रं. कुणी मठाला शेत दिलं, कुणी गिरणी दिली, आणि प्रत्येक पत्राच्या तळाशी साक्षीदारांची यादी. पत्रं चामड्यावर लिहिलेली, आणि त्या काळचे लेखनिक चामड्याची बचत करायचे. पूर्ण नाव न लिहिता नुसतं 'आर., आर्चडीकन' असं लिहून मोकळे व्हायचे. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या हाताखालचा मोठा अधिकारी. आता हा आर. म्हणजे रॉजर, रिचर्ड की राल्फ? त्या साली त्या पदावर कोण होतं, हे बाकीच्या कागदांवरून शोधायचं आणि नोंद करायची.

अडचण अनुवादकांची असते. दीडशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीबुवांनी या पत्रांचे इंग्रजी अनुवाद केले आणि जिथे नुसतं अक्षर होतं तिथे मनाला येईल ते नाव ठोकून दिलं. गेल्या वर्षी मी असाच एक रॉजर खोडला. सगळ्या पुस्तकांतून तो आर्चडीकन म्हणून मिरवत होता. त्या जागेवर खरा होता राल्फ. त्या दिवशी मी स्वतःसाठी गोडाचा शिरा केला.

लॅटिन मला माझ्या मामाने शिकवलं. वसईला तो चर्चमध्ये फादर होता. "पोरीला कशाला ती मेलेली भाषा?" म्हणून आजी कुरकुरायची. मी जास्तच जोरात पाठ म्हणायचे.

प्रकल्पात प्रत्येक कागद दोघांनी वेगवेगळा वाचायचा असतो. दोघांचं एकमत झालं की नोंद बंद होते, तोवर ती उघडी राहते. माझे जोडीदार श्यामकांत आगाशे सर. पुण्याला एम.ए.ला त्यांनीच मला शिकवलं होतं. वय चौऱ्याहत्तर, पत्नी गेलेल्या, पुण्याच्या घरात एकटे. पंचवीस वर्षांत मी त्यांना एकही बेजबाबदार विधान करताना ऐकलेलं नव्हतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे एक छोटंसं दानपत्र आलं. साक्षीदार अकरा. दहा जणांची ओळख तासाभरात पटली. अकराव्याशी मी थांबले.

२

त्याचं पद होतं 'ऑस्तियारियुस'. म्हणजे द्वारपाल. चर्चच्या पायरीवरची सगळ्यांत खालची जागा. दार उघडायचं, दार लावायचं, किल्ल्या सांभाळायच्या. असा माणूस बिशपच्या पत्रावर साक्षीला कधीच नसतो. मंत्र्याच्या सहीखाली शिपायाने सही करावी तसं ते होतं.

त्या पत्राची तीन रूपं माझ्यासमोर होती. १८७१ साली छापलेल्या पुस्तकात लॅटिनमध्ये द्वारपालाच्या आधी 'ई.' हे अक्षर होतं आणि शेजारच्या अनुवादात 'एडविन, द्वारपाल'. १९३४ साली दुसऱ्या कुणी पुन्हा छापलं, त्यात 'डब्ल्यू.' आणि अनुवादात 'वॉल्टर, द्वारपाल'. तिसरं रूप म्हणजे मूळ चामड्याचा फोटो. मी मोठा करून पाहिला. तिथे स्वच्छ 'एस.' होतं.

जुनी अक्षरं वाचताना चुका होतात. एन आणि यू यांत गोंधळ होतो, सी आणि टी यांत होतो. पण ई, डब्ल्यू आणि एस यांची गल्लत आंधळाही करणार नाही.

वाचन संपेपर्यंत जोडीदाराशी बोलायचं नाही असा नियम आहे. तरीही मी सरांना फोन लावला.

"सर, अकरावा साक्षीदार. कुठलं अक्षर दिसतं तुम्हाला?"

"एस," सर म्हणाले. "का गं?"

"मलाही एसच दिसतं."

"मग झालं की. सायमन असेल. त्या काळात सायमनांना तोटा नव्हता."

मला बरं वाटलं. पण सायमन नावाचा द्वारपाल कुठेच सापडला नाही. सापडला तो वेगळाच प्रकार. १२१४ च्या पत्रात तळाशी एक द्वारपाल होता. १२६७ च्या पत्रात होता. १३४० च्या पत्रातही होता. तिन्ही ठिकाणी आधी एस., आणि तिन्ही ठिकाणी ती ओळ बाकीच्या पत्राच्या अक्षरात नव्हती. ती वेगळ्याच हाताची होती, जरा डावीकडे कललेली. सव्वाशे वर्षं एकच हात.

मी दोन्ही छापील पुस्तकांची पहिली पानं उघडली. का उघडली ते आता सांगता येत नाही, सवयीने असेल. १८७१ च्या पुस्तकाच्या अनुवादकाचं नाव एडविन होतं. १९३४ चा अनुवादक वॉल्टर.

मला हसू आलं. वाटलं, काय मिश्किल माणसं! साक्षीदारांच्या रांगेत शेवटी स्वतःच जाऊन उभी राहिली. मग मी प्रस्तावना वाचल्या. दोन्ही प्रस्तावना दुसऱ्याच कुणी लिहिल्या होत्या. दोन्हींना काळी चौकट होती. पुस्तक छापखान्यात असताना अनुवादक वारले, असं दोन्हींत लिहिलं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिल्यांदा आवाज आला.

दुहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होऊन गेली होती. त्या वेळी इथे बाहेर काहीच हलत नाही. रस्ता पांढरा पडतो, दुकानांची शटर्स खाली, मांजरंसुद्धा गाड्यांखाली. इमारतीत फक्त एसींची घरघर. त्या घरघरीत मला किल्ली फिरल्याचा आवाज आला.

आमच्या दाराला पितळी लॅच आहे. त्याचा आवाज म्हणजे एक 'टिक'. हा आवाज तसा नव्हता. मोठी, जड किल्ली, जुनं कुलूप. आधी लोखंड लोखंडावर घासलं, मग आतलं काहीतरी सावकाश मागे सरकलं.

मी दार उघडलं. कॉरिडॉर रिकामा. गरम हवेचा लोट तोंडावर आला.

खाली जाऊन हारिसला विचारलं. इमारतीच्या रखवालदाराला इथे हारिस म्हणतात. आमचा सिल्हेटचा आहे, हिंदी बोलतो. "ऊपर कोई आया था क्या?"

"मा फी, मॅडम," तो म्हणाला. कुणी नाही. "इतनी गर्मी में कौन आयेगा?"

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, त्याच सुमाराला. चौथ्या दिवशी पुन्हा. पाचव्या दिवशी मी मेल्विनला सांगितलं. तो शिफ्टवरून येऊन बूट काढत होता.

"एसीचा कॉम्प्रेसर असणार," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह अडकला की असाच आवाज करतो. मी प्लांटवर दिवसभर हेच ऐकतो."

"कॉम्प्रेसर दाराशी असतो का?"

"आवाज कुठून कुठेही जातो गं, भिंतींतून."

मला ते पटवून घ्यायचं होतं. मी मेन्टेनन्सला फोन केला. त्यांचा माणूस आला, एसी उघडून साफ केला, गॅस भरला. खोली छान गार झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी किल्ली फिरली.

४

त्या शुक्रवारी मेल्विनला सुट्टी होती. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी असा नाश्ता चालला होता. माझा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता आणि पडद्यावर ती ओळ मोठी करून ठेवलेली. मी जेवतानाही तिच्याकडे बघत बसायचे, अशी वेळ आली होती.

"हाच का तुझा वॉचमन?" मेल्विन वाकून बघत म्हणाला.

"हाच. गंमत म्हणून सांग, पहिलं अक्षर कुठलं आहे?"

"त्यात काय सांगायचं? एम आहे."

"नीट बघ."

"अगं नीटच बघतोय. हा बघ एक पाय, हा दुसरा, हा तिसरा." त्याने चटणीच्या बोटानेच हवेत तीन रेघा ओढल्या. "चक्क एम."

मी लॅपटॉप झटकन मिटला. अनुष्का आतून टूथब्रश तोंडात घेऊन येत होती.

"काय झालं?" मेल्विनने विचारलं.

"काही नाही. डोळे दुखतायत."

"मग कशाला डोकेफोड करतेस? एक नाव लिहून टाक. खलास. सातशे वर्षांनी तो काय तक्रार करायला येणार आहे?"

"कुणाचं नाव लिहू?"

"कुणाचंही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. हात धुतले, नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले. म्हणजे जो बघेल त्याला स्वतःचंच अक्षर दिसत होतं. श्यामकांत आणि शर्मिला, सरांचं आणि माझं नाव योगायोगाने एकाच अक्षराचं, म्हणून आम्हाला कळायला उशीर झाला.

अशा वेळी शहाण्या माणसाने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. मी गेलेसुद्धा. रविवारी सकाळी, क्लिनिकमध्ये. डोळे ठीक होते.

तिथूनच सरांना फोन केला आणि सगळं सांगितलं: एडविन, वॉल्टर, मेल्विनचा एम. "सर, तुमच्या शेजाऱ्यांना तो फोटो दाखवा बरं. त्यांना काय दिसतं बघू."

सर म्हणाले, "दाखवलाय. समोरचे विजयकुमार आले होते पेपर न्यायला. त्यांना व्ही दिसला."

"आणि तुमच्याकडे... दुपारी..."

"साडेतीनला," सर म्हणाले. "रोज. आठ दिवस झाले."

आमच्या घड्याळात तेव्हा एक वाजलेला असतो.

५

मंगळवारी सकाळी मी प्रकल्पाची यादी उघडली. सरांनी त्यांच्या बाजूची नोंद पूर्ण केली होती. साक्षीदार क्रमांक अकरा. पद, द्वारपाल. ओळख पटलेलं नाव या रकान्यात लिहिलं होतं: शर्मिला.

खाली माझ्यासाठी नेहमीचा प्रश्न होता. सहमत आहात का?

मला राग आधी आला, भीती नंतर. मी फोन लावला.

"सर, तुम्ही माझं नाव लिहिलंत?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"सर, मी काय विचारतेय?"

"लिहिलं," ते म्हणाले. आवाज इतका बारीक, की मला वाटलं दुसऱ्याच कुणी फोन उचललाय. "शर्मिला, मी म्हातारा माणूस आहे गं. एकटा असतो. काल तो... काल आवाज दाराशी थांबला नाही. मी सायमन लिहून पाहिलं, पीटर लिहून पाहिलं. काही उपयोग नाही. त्याला खरं नाव लागतं, माहितीतल्या माणसाचं. मग म्हटलं, तू तिकडे समुद्रापार, वाळवंटात. एवढ्या लांब कोण जातंय?"

"आणि आता? थांबला आवाज?"

"काल रात्री लिहिलं. आजची दुपार व्हायचीय."

"पंचवीस वर्षं तुम्ही मला काय शिकवलंत सर? अक्षर दिसत नसेल तर दिसत नाही म्हणून लिही. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून लिही. नाव ठोकून द्यायचं नाही."

"तू तुझ्या बाजूला माझं लिही," सर म्हणाले आणि रडायला लागले. "मला चालेल. दोघांचं जुळणारच नाही, नोंद उघडी राहील. माझंच लिही तू."

"मी कुणाचंही लिहिणार नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

एकला दहा मिनिटं असताना मी घराच्या बाहेर गेले. मला त्याला पकडायचं होतं. अजूनही डोक्यात कुठेतरी होतं, की कुणीतरी टवाळ आहे, वरच्या मजल्यावरचा, मोबाइलवर आवाज लावणारा. दार ओढून घेतलं, घराची किल्ली मुठीत धरली आणि लिफ्टशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहिले. तिथून पूर्ण कॉरिडॉर दिसतो. ट्यूबलाइट, चार दारं, चार पायपुसणी. घाम कानामागून उतरत होता.

एक वाजला. कॉरिडॉरमध्ये कुणी आलं नाही.

किल्ली फिरली. लोखंड लोखंडावर घासलं, जड काहीतरी सरकलं. आवाज आमच्या दारातून आला. पण दाराच्या बाहेरून नाही.

द्वारपाल कुठे उभा असतो, हे मला दोन आठवडे सुचलं नव्हतं. तो आत उभा असतो.

६

आत गेले तेव्हा घर रिकामं होतं. सगळं जागच्या जागी. फक्त दाराशी, चपलांच्या रॅकजवळ, ओल्या दगडाचा वास येत होता. जुबैलमध्ये सप्टेंबरात काही ओलं नसतं; धुतलेला टॉवेल बाल्कनीत वीस मिनिटांत कडक होतो.

त्या दिवशी संध्याकाळी सरांचा मेसेज आला. 'आज इकडे शांत होतं. मला क्षमा कर.'

मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मी टेबलाशी बसले होते. टेबलावरून दारापर्यंतचा अरुंद बोळ सरळ दिसतो. एक वाजून गेला. किल्लीचा आवाज आला नाही. सव्वा वाजला. सुटले, असं वाटायला लागलं. मी वरणाखालचा गॅस बंद करायला उठले, बंद केला आणि वळले.

तो दाराशी उभा होता. पाठमोरा.

मी जेवढं पाहिलं तेवढंच सांगते. न रंगवलेल्या लोकरीचं, मातकट काहीतरी अंगावर होतं, ते फरशीपर्यंत आलेलं. खांदे वाकलेले. मानेची मागची बाजू उघडी होती, आणि ती मान कधीच ऊन न लागलेल्या माणसाची होती, मुळ्यासारखी पांढरी. उजवा हात आमच्या लॅचवर. डोकं किंचित एका बाजूला कललेलं, कमी ऐकू येणारी माणसं कलवतात तसं. तो वाट बघत होता. माझ्यावर पाळत वगैरे नव्हती. त्याला फक्त काहीतरी ऐकायचं होतं.

तेवढ्यात बेल वाजली.

"ममा! ओपन ना!" अनुष्काचा आवाज. "बस लवकर आली. इट्स सो हॉट!"

तो हलला नाही. लॅचवरचा हातही नाही.

"ममा!"

मला तेव्हा कळलं, की एक शब्द पुरे आहे. एक नाव. ते म्हटलं की तो दार सोडेल. आणि नाव माझ्या जिभेवर होतं, खोटं कशाला बोलू. श्यामकांत. त्यांनी माझं लिहिलं होतं ना? त्यांनीच तर सांगितलं होतं, माझं लिही म्हणून. पहिलं अक्षर ओठांपर्यंत आलं. त्याचं डोकं आणखी थोडं कललं.

मी तोंड मिटलं. दात इतके घट्ट आवळले की जबडा दुखला.

"ममा, आर यू देअर?" आता ती दारावर हाताने थापा मारत होती.

मी चालायला लागले. टेबलापासून दारापर्यंत सात पावलं आहेत. तिसऱ्या पावलाला थंडी लागली, तळघरातली, हाडांत शिरणारी. पाचव्याला तो वास. मी त्याच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले. मी आवाज चढवला.

"नाव मिळणार नाही," मी म्हणाले. "माझं नाही, त्यांचं नाही, कुणाचंच नाही. बाजूला हो. हे दार माझं आहे."

तो बाजूला झाला नाही. मीच त्याच्या कडेने हात घातला. लॅच बर्फासारखा होता आणि कुणी धरून ठेवल्यासारखा घट्ट. मी दोन्ही हातांनी पिळला. मनगटात कळ आली, सोडला नाही. मामाने शिकवलेल्या प्रार्थना आठवतील असं वाटलं होतं. आठवल्या त्या सगळ्या वसईच्या बाजारातल्या शिव्या. त्या मी दिल्या, मोठ्याने, एकामागून एक. लॅच 'टिक' झाला.

दार उघडलं. अनुष्का घामाने लाल होऊन उभी होती.

"केवढा वेळ! आणि तू कोणाला ओरडत होतीस?"

"कुणाला नाही. ये."

ती आत आली. पण सरळ नाही आली. दप्तर पोटाशी घेतलं, अंग आडवं केलं आणि डावा खांदा आधी घालून, भिंतीला घासत आत आली. बोळात कुणीतरी मोठं माणूस उभं असलं की आपण वाट काढतो तशी. मग बूट काढून भिरकावले आणि फ्रीजकडे पळाली.

"अनु, अशी तिरकी का आलीस गं?"

"व्हॉट तिरकी?" ती पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाली. "आय जस्ट केम."

मी मागे वळून पाहिलं. बोळात कुणी नव्हतं. माझ्या उजव्या मनगटावर चार बोटं उमटली होती. ती दोन दिवस निळी राहिली.

७

त्याच दुपारी मी माझ्या बाजूची नोंद लिहिली. साक्षीदार क्रमांक अकरा. पद, द्वारपाल. नाव, कोरं. शेरा या रकान्यात लिहिलं: 'वाचलं आहे. ओळखलेलं नाही. ओळखणार नाही.' सहमत आहात का, या प्रश्नाला उत्तर 'नाही'.

मेल्विनला सगळं सांगितलं. मनगट दाखवलं. त्याने या खेपेला कॉम्प्रेसरचं नाव काढलं नाही. बराच वेळ माझा हात धरून बसला, मग म्हणाला, "आपण घर बदलू या."

"घराचा काय संबंध? सरांचं पुण्याचं घर वेगळंच आहे, तरी तिथेही आवाज येतोच की."

"मग काम सोड."

"मी सोडलं तर दुसऱ्याला देतील."

दुसऱ्या दिवसापासून अनुष्काला आणायला तो किंवा मी खाली जाऊ लागलो. तिच्या येण्याच्या वेळी दार आधीच सताड उघडं असतं.

शनिवारी सरांचा फोन आला. त्यांनी माझं नाव खोडलं होतं. "परवाच खोडलं," ते म्हणाले. "काल दुपारी पुन्हा सुरू झालं. आत्ता सव्वातीन वाजलेत, शर्मिला. मी देवघरात बसलोय, दार लावून."

आमच्याकडे पाऊण वाजला होता. माझा राग गेला होता असं नाही, अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता.

"फोन चालू ठेवा सर," मी म्हणाले. "ठेवू नका, काही झालं तरी."

मी खुर्ची दाराच्या दिशेने वळवून बसले. एक वाजला. आमच्या दाराशी हळूहळू ती मान दिसायला लागली, पडद्याआडून कुणी दिसावं तशी. मी तिच्याकडे बघत राहिले. पापणी लवली की तो सरांकडे जाईल असं वाटत होतं, म्हणून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघत राहिले.

"सर, तुमच्याकडे आवाज?"

"नाही," सर म्हणाले. मग थोड्या वेळाने, "नाही. काहीच नाही. तू काय करत्येस?"

"बसलेय."

दोन वाजायच्या सुमाराला दाराशी पुन्हा फक्त दार उरलं.

तेव्हापासून हे असं चाललंय. दोन महिने झाले. एक ते दोन मी दाराकडे तोंड करून बसते. मी बसले की पुण्याला शांत असतं. एक दिवस मला ताप होता, मी आत झोपले, तर सरांकडे किल्ली फिरली. ताप एकशे दोन होता, तरी मी उठून आले. शुक्रवारी मेल्विन माझ्याशेजारी बसतो. त्याला काही दिसत नाही, पण तो पाय वर घेऊन बसतो. फरशी गार लागते म्हणतो.

गेल्या सोमवारी प्रकल्पप्रमुखांचं पत्र आलं. नोंद फार दिवस उघडी आहे, तेव्हा तिसरा वाचक नेमतो आहोत. सत्यजित नावाचा मुलगा आहे, मुंबईचा, नुकती पीएच.डी. झालेली, अतिशय हुशार. त्याला फोटो पाठवला की तो नाव ठरवील आणि प्रश्न मिटेल.

मी लगेच उत्तर लिहिलं. वाचन अद्याप संपलेलं नाही. हा साक्षीदार माझ्याकडेच राहील. फोटो कुणालाही पाठवू नये. पाठवलात तर मी या प्रकल्पातली माझी सहा वर्षांची प्रत्येक नोंद मागे घेईन, आणि तसं करण्याचा मला करारानेच हक्क आहे. सरांनीही खाली सही केली. सही वाकडी आली होती, पण पूर्ण नावाने केली होती.

प्रमुखांनी मुदत वाढवून दिली आहे.

आज एकला तो आला तेव्हा पूर्ण पाठमोरा नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डावा कान दिसला, आणि गालाच्या हाडाची कड. तो वळतो आहे. रोज केसाएवढं वळत असणार, मला आज कळलं.

मी उठले. खुर्ची दोन फूट पुढे ओढली आणि पुन्हा बसले.